लॅटिनमध्ये ठेवलेला शब्द

३ फेब्रुवारी. आठव्या हेन्री राजाच्या राज्याचे तेहतिसावे वर्ष. लंडन.

सप्टेंबरातल्या मायकेलमसच्या सणापासून या वहीत एक अक्षर लिहिले नाही, त्याबद्दल क्षमा मागायला हवी. कुणाची, ते नीट सांगता येत नाही. देवाला वही लागत नाही, आणि माणसांपैकी कुणी ती वाचू नये म्हणून मी ती जुन्या प्रवचनांखाली ठेवतो. तेव्हा स्वतःचीच मागतो. कामाचा व्याप होता असे लिहिणार होतो. ते खोटे नाही, पण खरे कारण भीती हे आहे. नोव्हेंबरात राणीला कैद झाली. तिला राजाच्या नजरेसमोर आणणाऱ्यांत आमचे बिशपसाहेबही होते, त्यामुळे तेव्हापासून त्यांच्या या घरात सगळे जपून बोलतात, आणि लिहीत तर कुणीच नाही.

आज लिहायला बसलो, कारण काल कँडलमसला, मेणबत्त्यांच्या सणाला, माझ्या मेहुण्याला पकडून नेले.

माझी धाकटी बहीण टॉमसिन दुपारी स्वयंपाकघराच्या दाराशी आली. पुढच्या दाराने ती येत नाही; म्हणते, तिथले नोकर माझ्या बुटांकडे बघतात.

"भाऊ, जाइल्सला नेलं."

"कुणी?"

"तुमच्याच माणसांनी. तुमच्या बिशपच्या. आता 'का' म्हणून विचारू नकोस, त्याचं तोंड तुला माहीत आहे."

जाइल्स कथलाची ताटे आणि पेले घडवतो. हात कसबी, तोंड मोकाट. सणाच्या मिरवणुकीआधी पाद्र्याने त्याला सुनावले, की तू पापाची कबुली दिली नाहीस, प्रायश्चित्त घेतले नाहीस, मेणबत्ती मिळणार नाही. त्यावर जाइल्स सगळ्यांसमोर म्हणाला, "राजानं चर्चमध्ये साखळीला बांधून ठेवलेल्या इंग्रजी बायबलात 'पश्चात्ताप करा' असं लिहिलंय. तुमचं ते 'पेनन्स', ते प्रायश्चित्त, त्यात कुठं नाही. पेनन्समध्ये पेनीचं नाणं कुणी घुसवलं ते आम्हाला ठाऊक आहे."

लोक हसले. पाद्री हसला नाही. सहा कलमांच्या कायद्यात पाद्र्यापाशी पाप कबूल करण्याविरुद्ध बोलणाऱ्याला फास आहे.

५ फेब्रुवारी.

बिशपसाहेबांचा तुरुंग आमच्याच घराच्या नदीकडच्या अंगाला आहे. इतकी वर्षे त्याच्या डोक्यावर जेवलो, आज पहिल्यांदा खाली उतरलो. जाइल्स भिंतीला टेकून बसला होता. मला बघून उठला नाही.

"या मेहुणे. मला वाटलं तुम्ही मरणाऱ्याला लावायचं तेल घेऊनच याल."

"जाइल्स, हे हसण्यावारी नेऊ नकोस."

"मग रडून दाखवू? टॉमसिन रडते ना, पुरे आहे." मग जरा थांबून म्हणाला, "खरं सांगा. तुम्ही ग्रीक शिकलात. पुस्तकात काय आहे? पश्चात्ताप की पेनन्स?"

ग्रीक शब्दाचा अर्थ 'मन पालटा' असा आहे. केंब्रिजला मी ते शिकलो, तिथे इतरांना शिकवलेही. जाइल्सने वाचलेला इंग्रजी शब्द त्याच्या जवळचा आहे. हे मी त्याला सांगितले नाही. दाराबाहेर पहारेकरी होता. म्हणालो, "विद्वानांत त्यावर मतभेद आहेत."

"मतभेद," जाइल्स म्हणाला. "बरं. मग माझंही एक मत धरा."

वर आलो. विद्वानांत मतभेद आहेत हे वाक्य खरे आहे. मग ते बोलताना तोंड कोरडे का पडले, याचा विचार करतो आहे.

१० फेब्रुवारी, शुक्रवार.

आमचे खरे काम इथे लिहायला हवे, कारण आता ते आणि जाइल्सचे प्रकरण एकात एक अडकले आहे. धर्मगुरूंच्या सभेने इंग्रजी बायबल पुन्हा तपासायला घेतले आहे. बिशपसाहेबांचे म्हणणे असे, की काही लॅटिन शब्द इतके भारदस्त आहेत की ते इंग्रजीत आणू नयेत, लॅटिनमध्येच ठेवावेत. असे शब्द निवडायचे काम माझ्याकडे आणि धर्मशास्त्रातल्या डॉक्टर फुल्क रेवेटकडे आहे. जाइल्सच्या भांडणाचा शब्द, 'पेनिटेन्शिया', त्यात पहिल्याच पानावर येतो.

फुल्क माझा केंब्रिजचा सोबती. एका कडाक्याच्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी एकच पांघरूण वापरले होते. बिशपसाहेबांच्या हाताखालची आर्चडीकनची जागा रिकामी आहे आणि ती आम्हा दोघांपैकी एकाला मिळणार हे सगळे जाणतात. फुल्क म्हणतो, ती तुझीच. असा मनाचा मोठेपणा मी फार थोड्यांत पाहिला.

आज तो माझ्या खोलीत भाजलेली ईल मासळी घेऊन आला. जाइल्सची हकिगत त्याला कळली होती.

"त्याला माघार घ्यायला लाव," फुल्क म्हणाला. "चर्चमध्ये लाकडाची मोळी खांद्यावर घेऊन उभा राहील, कागदावरचं वाचेल, घरी जाईल. माघार घेणाऱ्याला पहिल्या वेळी एवढंच."

"वाचायचं काय? 'मी प्रायश्चित्त घेतो' म्हटलं तर तो वाचणार नाही. 'पश्चात्ताप करतो' म्हटलं तर न्यायालय ऐकणार नाही."

फुल्क काटे बाजूला काढत होता. "मग लॅटिन शब्द घाल. पेनिटेन्शिया. आपण बायबलात ठेवतोच आहोत की. तो त्याच्या मनात हवा तो अर्थ धरील, न्यायालय त्याच्या मनात हवा तो. कुणाची हार नाही."

हे मला का सुचले नाही? मी त्याला तसे म्हटलेही. तो हसला आणि म्हणाला, "तुझं स्वतःचं मत काय, लॅम्बर्ट? आपल्या दोघांत."

मी त्याला ग्रीकचे सगळे सांगितले. इतक्या दिवसांनी मोकळे बोलून बरे वाटले. त्याने फार लक्ष देऊन ऐकले. एक वाक्य तर पुन्हा म्हणायला लावले.

१३ फेब्रुवारी.

आज सकाळी टॉवरच्या किल्ल्यात राणीचा शेवट झाला. जेवताना नेमलेला उतारा वाचला गेला. कुणी वर पाहिले नाही.

संध्याकाळी बिशपसाहेबांनी बोलावले. ते खिडकीपाशी उभे होते, एका दिवसात म्हातारे झाल्यासारखे.

"माझ्या घरातल्या पंडिताचा मेहुणा पाखंडी आहे, हे मला बाहेरून कळलं. तू सांगायला हवं होतंस."

"चूक झाली, महाराज."

"आत्ता या घटकेला माझ्या दाराकडे कुणी बोट दाखवलेलं मला परवडणार नाही. रेवेट म्हणतो, तू काही मधला मार्ग काढला आहेस."

मार्ग फुल्कने काढला होता आणि श्रेय मला दिले होते. मी तसे सांगितले, पण त्यांनी हात हलवला. लॅटिन शब्द त्यांना पसंत पडला. मजकूर मीच लिहावा असे ठरले.

२२ फेब्रुवारी, राखेचा बुधवार. आजपासून ईस्टरपर्यंतचे उपास सुरू.

मजकूर लिहिला. 'मी जे बोललो ते मागे घेतो, आणि त्याबद्दल देवासमोर व या मंडळीसमोर पेनिटेन्शिया करतो.' वाक्य डौलदार झाले आहे. चार वेळा वाचले.

कपाळावर राख लावताना पाद्री लॅटिनमध्ये म्हणाला, तू माती आहेस. शेजारची बाई काय समजली असेल कोण जाणे. तिने खूप भक्तीने मान लववली.

मी समतोल आहे की भित्रा? वर्षानुवर्षे मला असे वाटत आले, की दोन टोकांच्या मध्ये उभा असलेला माणूस सत्याच्या जवळ असतो. पण दोन्ही बाजूंच्या माराच्या बाहेर राहण्यासाठीही माणूस तिथेच उभा राहील. या दोघांना बाहेरून ओळखायचे कसे, हे मला आजवर कुणी शिकवले नाही.

तरी जाइल्स घरी येईल. त्यापुढे माझ्या मनाची ही खोदाखोद कशाला?

४ मार्च.

उद्या जाइल्स त्याच्या वस्तीच्या चर्चमध्ये मजकूर वाचणार. इंग्रजी तो वाचतो, पण लॅटिन शब्दावर अडखळतो. मी दोनदा सांगून पाहिले. तो शब्द चावतो आणि थुंकतो. शेवटी फुल्क आपण होऊन म्हणाला, "तू जा, उपास धरलेत, दमला आहेस. मी शिकवतो त्याला." बराच वेळ खाली होता. वर आल्यावर म्हणाला, आता नीट म्हणेल.

टॉमसिनला हे सांगितले तर म्हणाली, "त्या डॉक्टरला आमचा एवढा पुळका कशाला?"

"तो माझा मित्र आहे."

"मला तो कधी भेटला तर माझ्या चेहऱ्याकडे न बघता टोपलीत काय आहे ते बघतो."

स्त्रियांना असे ग्रह होतात. फुल्कची नजर अधू आहे, तो सगळेच वाकून बघतो.

५ मार्च, रविवार.

लिहिणे अवघड जाते आहे. पण झाले ते क्रमाने लिहायलाच हवे.

चर्च भरलेले. जाइल्स अंगात नुसता सदरा, पाय उघडे, खांद्यावर मोळी. टॉमसिन खांबापाशी. न्यायालयाचा कारकून पुढे. फुल्क मागच्या लोकांत उभा होता. म्हणाला, मागून आवाज पोचतो का ते बघतो.

जाइल्स चांगला वाचत होता. आवाज खणखणीत. तो शब्द आला तेव्हा त्याने श्वास घेतला, आणि शिकवलेल्याप्रमाणे, एक एक तुकडा वेगळा, सावकाश म्हणाला: "पेनी. टेन. शिया."

क्षणभर काही झाले नाही. मग मागून कुणीतरी म्हणाले, "भाव वाढला वाटतं. आजवर एका पेनीत भागत होतं, आता टेन."

सगळे चर्च हसले. म्हाताऱ्या बायका हसल्या. एक लहान मूल पेनी टेन, पेनी टेन म्हणत सुटले. जाइल्सही हसला, स्वभावच त्याचा, त्याला आवरले नाही. कारकुनाने लेखणी उचलली.

माघार घेताना थट्टा केली, तर ती माघार धरत नाहीत; उलट पुन्हा पाखंडात पडला असे मानतात. आणि पुन्हा पडलेल्याला फास नसतो, आग असते. खांद्यावरची मोळी त्याचीच आठवण म्हणून देतात.

त्याला परत खाली नेले. मागून कोण बोलले ते फुल्कला विचारले. तो अगदी तिथेच होता. म्हणाला, गर्दीत दिसले नाही.

७ मार्च.

टॉमसिन आज पुढच्या दाराने आली. कुणी तिला अडवले नाही.

"तो शब्द कुणाचा?" तिने विचारले.

"माझा. म्हणजे मजकूर माझा."

"त्याला कळत नव्हता, मला कळत नव्हता, चर्चमधल्या एकालाही कळत नव्हता. मग तो कुणासाठी घातलास?"

मी सांगू लागलो, की दोन्ही बाजूंना आपापला अर्थ धरता यावा म्हणून. ती ऐकत होती. माझे वाक्य माझ्याच कानांना पातळ लागू लागले आणि मी मध्येच थांबलो.

"भाऊ, तू त्याला मारायला निघाला नव्हतास, हे मला कळतं. पण तुझ्या हुशारीत त्याचा जीव चाललाय. आता ती हुशारी काढून घे."

मग खाली गेलो. जाइल्स पहिल्यांदाच थट्टा न करता बोलला.

"मी मुद्दाम नाही केलं, मेहुणे. देवाशपथ. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तसंच म्हटलं. म्हणाले, मोठा घास आहे, तीन घास कर. पेनी, मग टेन, मग शिया. माझ्याकडून ते घोकून घेतलं. मीच म्हटलं त्यांना, की लोक हसतील. म्हणाले, विद्वान माणसं असंच म्हणतात."

बिचाऱ्या फुल्कने शाळेतल्या मुलांना शिकवायची पद्धत वापरली, आणि पेनीची थट्टा त्याच्या लक्षात आली नाही. थोर विद्वानांचे असे होते. बाजारातली भाषा त्यांच्या कानांपर्यंत पोचत नाही. त्याला हे कळले तर किती लागेल. तूर्त त्याला सांगायचे नाही असे ठरवले.

पण ठरवायचे खरे ते दुसरेच. शब्द माझा होता. न्यायालयात तो माझा आहे असे सांगायचे. आणि तो का घातला हे विचारतील तेव्हा ग्रीकचेही सांगावे लागेल. ते सांगितले की जाइल्सचे चूक नव्हते हे निघते, आणि बिशपसाहेबांच्या घरात मी राहू शकत नाही हेही निघते. याहून पुढेही काही निघू शकेल.

हे लिहिताना हात स्थिर आहे. आश्चर्य वाटते.

११ मार्च.

राजाचा निरोप आला. बायबल तपासायचे काम त्याने बिशपांच्या सभेकडून काढून घेऊन दोन विद्यापीठांकडे दिले. आमचे निवडलेले शब्द आता कुणाच्याच उपयोगाचे नाहीत. घरात जणू सुतक आहे. एका शब्दासाठी जाइल्स खाली बसला आहे, आणि त्या शब्दाचे काय करायचे ते आता या घरात कुणीच ठरवणार नाही.

जाइल्सची सुनावणी मंगळवारी. फुल्क आला. माझा बेत त्याला सांगितला. त्याने माझा दंड धरला.

"वेड लागलं का? तू गप्प राहा. जाइल्सला देव पाहून घेईल. तू बोललास तर जागा जाईल, कदाचित आणखीही."

"शब्द माझा होता, फुल्क."

"असेल. पण कुणी विचारलंय का?" मग मऊ आवाजात म्हणाला, "हवं तर तुझं ग्रीकबद्दलचं मत मला लिहून दे. योग्य वेळी योग्य माणसासमोर ठेवीन. तुझ्या सहीनं."

मी त्याचे आभार मानले. म्हटले, लिहून कशाला, मी स्वतःच बोलणार आहे. तो नाराज होऊन गेला. माझ्या काळजीने त्याला झोप नसावी; त्याचा चेहरा ओढलेला दिसतो.

१४ मार्च, मंगळवार.

न्यायाधीश मास्टर ट्रेगोझ. कोरडा माणूस, सतत नाक पुसणारा. जाइल्सने चर्चमध्ये शब्द तोडून थट्टा केली असा आरोप वाचला गेला. त्यावर साक्षीला डॉक्टर रेवेट यांचे नाव होते. मला हे माहीत नव्हते; त्याच्यावर सक्ती झाली असणार. तो उठण्याआधीच मी उठलो.

"महाराज, तो शब्द माझा आहे. मजकूर मी लिहिला."

"तुम्ही बिशपसाहेबांचे पंडित. आरोपीचे कोण?"

"मेहुणा."

"बसलात तर बरं होईल, मास्टर लॅम्बर्ट."

"बसणार नाही, महाराज."

मग मी सगळे सांगितले. ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणे असा आहे. आरोपीने चर्चमधल्या पुस्तकात वाचले ते त्याच्या जवळचे आहे. हे मला ठाऊक असून मी भीतीने लॅटिन शब्दामागे लपलो, आणि माझ्या लपण्याची शिक्षा याला होते आहे. हे माझे मत आजचे नाही, जुने आहे. कुणाला ते माझ्याविरुद्ध सांगायचे असेल तर त्याने कष्ट घेऊ नयेत, मीच सांगितले आहे.

बोलताना फुल्ककडे लक्ष गेले. त्याच्या हातात एक कागद होता. तो त्याने हळूच बाहीत सारला. माझ्या बाजूने बोलायची तयारी करून आला असेल. मी आधीच बोलून टाकल्यामुळे त्याचे कष्ट फुकट गेले, याचे वाईट वाटले.

"ठीक आहे," ट्रेगोझ म्हणाले. "शब्द तुमचा. पण पेनी, टेन असे तुकडे तर याने केले ना?"

इथे मला फुल्कची बाजू राखणे भाग होते. शपथेवर अर्धे सत्य सांगता येईना, आणि त्याचा हेतू चांगला होता हेही लोकांना कळायला हवे होते. म्हणालो, "ते तुकडे डॉक्टर रेवेट यांनी करून दिले, महाराज. केवळ दयेने. आदल्या दिवशी तुरुंगात उतरून त्यांनी याच्याकडून ते घोकून घेतले. याने शंका काढली की लोक हसतील, तर विद्वान असेच म्हणतात असा त्याला धीर दिला."

ट्रेगोझ यांनी नाक पुसायचे थांबवले.

"डॉक्टर रेवेट लॅटिन जाणतात?"

"उत्तम. केंब्रिजला माझ्याहून सरस होते."

"म्हणजे शब्द कुठे तोडायचा, हे त्यांना कळतं."

"निःसंशय," मी म्हणालो.

मागे कुणीतरी खोकले. फुल्क पांढराफटक पडला होता. चारचौघांत स्तुती केलेली त्याला कधीच सोसत नाही. न्यायाधीशांनी त्याला साक्षीला बोलावलेच नाही. सुनावणीनंतर थांबायला सांगितले.

मग ट्रेगोझ माझ्याकडे वळले. "माघार नव्याने घ्यावी लागेल. या वेळी इंग्रजीत. शब्द कोणता घालायचा ते मी सांगणार नाही. राजेसाहेबांनी विद्यापीठांवर सोपवलेली गोष्ट मी कशाला ठरवू? तुम्ही लिहा. आणि खाली तुमचं नाव घाला."

कारकुनाने कागद दिला. तिथेच उभ्याने लिहिले: 'पाद्र्याला सर्वांसमोर टाकून बोललो, ते मागे घेतो, आणि त्याचा पश्चात्ताप करतो.' नाव घातले. अक्षर मोठे आले.

टॉमसिन दारात उभी होती. तिने माझ्या टोपीवरचा धागा काढून टाकला.

१६ मार्च.

बिशपसाहेबांनी भेट नाकारली. दुपारपर्यंत खोली रिकामी करायची आज्ञा आली. माझी पुस्तके दोन गोण्यांत मावली; त्या टॉमसिनच्या घरी नेल्या. फुल्कचा निरोप घ्यायला गेलो तर दार बंद. नोकर म्हणाला, डॉक्टर आजारी आहेत, त्यांनाही बाहेरगावच्या लहानशा चर्चवर पाठवत आहेत. माझ्या पायी त्याचेही नुकसान झाले. त्याला दोन ओळी लिहायला हव्यात.

१९ मार्च, रविवार.

जाइल्सने वाचले. पश्चात्ताप करतो, हा शब्द आला तेव्हा कुणी हसले नाही. तो जरा थांबला, पाद्र्याकडे पाहिले, आणि पुन्हा म्हणाला, कागदावर नसताना: "करतो. उगाच बोललो मी तुम्हाला. सणाचा दिवस होता."

पाद्री गोंधळला. त्याने त्याच्या खांद्यावरची मोळी स्वतः उतरवून घेतली.

घरी आल्यावर टॉमसिनने खारवलेले मासे आणि वाटाणे वाढले. जाइल्स म्हणाला, "मेहुणे, त्या तुमच्या बिशपकडं उपासाला बदामाचं दूध मिळत असेल. इथं हेच."

"हेच बरं आहे."

"खोटं बोलू नका, पुन्हा मोळी उचलावी लागेल."

२३ मार्च.

बोलावणे आले. उद्या तीन धर्मपंडितांपुढे माझी तपासणी. ग्रीक शब्दाबद्दल सांगितलेले मागे घेतो का, एवढेच विचारणार. मागे घेतले तर एखादे खेड्यातले चर्च मिळेल. नाही घेतले तर बिशपसाहेबांचा तुरुंग, नदीच्या अंगाला. पुढचे देव जाणे. घेणार नाही. हे ठरवायला मला वाटले होते त्याहून कमी वेळ लागला.

भीती गेली आहे असे नाही. पण ती आता मला विचारून बसते.

खाली जाइल्स एका ताटाची कड ठोकतो आहे. जेवताना टॉमसिन म्हणाली, उद्या ती दाराशी येऊन उभी राहणार.

"आत येऊ देणार नाहीत," मी म्हणालो.

"दाराशी म्हटलं मी. ऐकू तर येईल."

जाइल्सने विचारले, "पण तिथं बोलतात कशात?"

"लॅटिनमध्ये. पंडितांची तपासणी लॅटिनमध्येच होते."

"म्हणजे झालं," टॉमसिन म्हणाली. "तू आत काय म्हणालास ते मला कळणारच नाही. तू टिकलास की मोडलास, ते मी त्यांच्या तोंडांकडे बघून ओळखायचं."

तिने वाटाण्यांचे भांडे माझ्याकडे सरकवले.

उद्या: उत्तर इंग्रजीत देणे.